मुलांना घरी शिकवताना : मोफत साहित्य कोणते, आणि दहावीच्या परीक्षेचे काय?

प्रश्न : गुहागर तालुक्यातील एक आई

नमस्कार. मुंबई सोडून आम्ही दोन वर्षांपूर्वी सासरच्या गावी राहायला आलो. यजमान आंब्याच्या कलमांची आणि काजूची बाग पाहतात, मी विज्ञानाची पदवीधर असून घरीच असते. मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा नुकताच सहा वर्षांचा झाला. मुलीला आम्ही तालुक्याजवळच्या एका शाळेत घातले होते. सकाळी साडेसहाला गाडी येई, वळणावळणाच्या रस्त्याने तिला रोज उलटी होई, आणि संध्याकाळी घरी आली की दप्तर न उघडताच ती ओटीवर झोपून जाई. गेल्या जूनपासून तिला घरीच शिकवत आहे. वाचन चांगले झाले, चेहऱ्यावर रंग आला. परंतु हे सारे माझ्या एकटीच्या अंदाजाने चालले आहे आणि त्याचे ओझे आता जाणवू लागले आहे.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मुलांना शाळेत न घालणे हा गुन्हा आहे, असे एका परिचितांनी सांगितल्यापासून घरात धास्ती आहे. कायदा नेमके काय म्हणतो? मराठीतून मोफत मिळणारे चांगले साहित्य कोणते, विशेषतः आमच्याकडे पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसताना उपयोगी पडेल असे? आणि पुढे दहावीचे प्रमाणपत्र कोणत्या मार्गाने मिळते? गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, पण पट जेमतेम आठ असल्याने आम्ही तिचा विचारच केला नव्हता.

उत्तर १ : निवृत्त मुख्याध्यापक, राजापूर

ताई, आधी धास्ती दूर करतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा आहे आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक बालकाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य असल्याचे त्याच्या कलम १० मध्ये म्हटले आहे, परंतु ते न पाळणाऱ्या पालकाला दंड किंवा शिक्षा या कायद्यात कोठेही सांगितलेली नाही. मात्र हेही तेवढेच खरे, की घरी शिकण्याला मान्यता देणारे एकही कलम त्यात नाही. त्यामुळे शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात तुमच्या घराची नोंद होऊ शकते आणि शिक्षक चौकशीला येऊ शकतात. ते आले तर त्यांना बसवून मुलीच्या वह्या दाखवाव्यात. तो शिक्षक त्याचे काम करतो आहे, तुमच्यावर पाळत ठेवत नाही.

तुमच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाचे कलम चौथे आहे. शाळेत कधीच न गेलेल्या किंवा मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात प्रवेश द्यावा आणि बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे, असे ते सांगते. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. म्हणजे परतीची वाट उघडी आहे. पण २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि आपल्या राज्याने त्या परीक्षा सुरू केल्या आहेत. तेव्हा परत शाळेत घालायचे असेल तर मुलीची पाचवी होण्यापूर्वीच ठरवणे सोपे जाईल. जुन्या शाळेकडून शाळा सोडल्याचा दाखला घेतला नसेल तर तो आधी घ्या. पुढे प्रत्येक ठिकाणी तोच कागद विचारला जातो.

आता एक गोष्ट मनापासून लिहितो, ती रागावून लिहिलेली समजू नका. पट आठ आहे म्हणून तुम्ही गावातल्या शाळेचा विचार केला नाही, हे वाचून मला वाईट वाटले. माझ्या नोकरीची शेवटची सहा वर्षे नऊ मुलांच्या शाळेत गेली. त्या शाळेत प्रत्येक मुलाचे अक्षर मी दुरून ओळखत असे, आणि कोणाला भागाकारात हातचा विसरण्याची खोड आहे हे मला त्याच्या आईआधी ठाऊक असे. तुम्ही घरी जे करू पाहता, ते आठ मुलांच्या शाळेत चांगला शिक्षक असेल तर रोज घडते. शिवाय ती शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अशा शाळेच्या पटावरून दोन मुले वजा झाली तर उरलेल्या मुलांची शाळाच संकटात येते, हेही ध्यानात असू द्यावे. एकदा जाऊन वर्गात बसून पाहा, मग काय ते ठरवा.

उत्तर २ : रत्नागिरीतील एक वडील

गुरुजींनी कायद्याचे सांगितले, मी परीक्षेचे सांगतो. माझ्या मुलाने मुक्त विद्यालयातून, म्हणजे रोज शाळेत न जाता घरी अभ्यास करून, दहावी केली.

मार्ग तीन आहेत. पहिला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. ही केंद्र सरकारची स्वायत्त संस्था १९८९ पासून काम करते. दहावीसाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण हवीत, किमान पाच विषय घ्यावे लागतात, आणि मराठी माध्यमही निवडता येते. परीक्षा वर्षातून दोनदा होते. नोंदणी पाच वर्षे चालते आणि तेवढ्यात नऊ वेळा परीक्षेला बसण्याची संधी मिळते, त्यामुळे मूल एका वेळी दोन-तीन विषय सोडवत पुढे जाऊ शकते. आमच्या मुलाने तसेच केले, आणि गणित शेवटी ठेवल्याने त्याच्या मनावरचा ताण पुष्कळ उतरला. लहान मुलांसाठीही तिच्या अ, ब आणि क अशा पातळ्या आहेत, त्या अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष मानल्या जातात.

दुसरा मार्ग महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाचा, ज्यात पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी या टप्प्यांना परीक्षा देता येते. तिसरा आपल्या सर्वांना ऐकून माहीत असलेला, म्हणजे १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाच्या दहावीला बसणे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठी कोकण विभागीय मंडळ रत्नागिरीतच असल्याने चौकशीला कोल्हापूर-मुंबईला जावे लागत नाही. फॉर्म ऑनलाइन भरला तरी तो एखाद्या संपर्क शाळेच्या मार्फतच पुढे जातो, आणि त्याला गुरुजींनी सांगितलेला तोच शाळा सोडल्याचा दाखला लागतो.

आमची फसगत कोठे झाली ते सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. एका अभ्यासकेंद्रावरच्या माणसाने पुस्तकांचे वेगळे पैसे मागितले आणि आम्ही मुकाट्याने दिले. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची सगळी पाठ्यपुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, हे आम्हाला चार महिन्यांनी कळले. प्रवेशाचा आणि परीक्षा शुल्काचा अर्ज स्वतः भरावा, मधल्या माणसाच्या हाती देऊ नये. विज्ञान घेणार असाल तर प्रात्यक्षिके कोठे होतील हे नोंदणीपूर्वीच विचारून घ्या.

परीक्षा केंद्र लांब पडले तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जावे. आमच्याकडे याची आठवण फार जुनी आहे. महर्षी कर्वे दापोलीजवळच्या मुरूडहून डोंगर-घाट चालत साताऱ्याला परीक्षेसाठी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसूच दिले नाही. वयाचा पुरावा सोबत ठेवा, एवढेच त्यावरून सुचवतो.

उत्तर ३ : मालवणहून एक आजी, नातवंडांना शिकवणारी

बाय, तुझा दुसरा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. आगोटीला आपण जसे तांदूळ, कडधान्य, सुकी मासळी भरून ठेवतो, तशीच पुस्तकांची बेगमी मे महिन्यात करायची. रेंज असते तेव्हा सगळे उतरवून घ्यायचे आणि जी पाने रोज लागतात ती छापून, पुठ्ठा लावून ठेवायची. पावसात फोन चार्ज नसला तरी कंदिलाच्या उजेडात पान वाचता येते.

पहिली जागा बालभारती. पहिलीपासूनची सगळी पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. पुस्तकात छापलेल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपमधले पाठाचे व्हिडिओ मिळतात, पण ते रेंज असतानाच उतरवून ठेव. बालभारतीचेच ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. माझी नात शाळेच्या पुस्तकापेक्षा त्या जुन्या अंकांतूनच वाचायला शिकली, असे म्हटले तरी चालेल. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ पाहा; तिथल्या मराठी चित्रकथा वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि उतरवून छापायलाही मोकळ्या आहेत.

विज्ञानाला अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ पुरेसे आहे. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याच्या कृती आणि असंख्य मराठी पुस्तके तिथे विनामूल्य मिळतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक वर्गांसाठी तयार केलेली विज्ञानाची पुस्तकेही बघ. त्यांत उत्तरे कमी आणि ‘तू पाहा, मोज, लिही’ असे सांगणे जास्त आहे. मोठ्या मुलांना कोलोरॅडो विद्यापीठाची फेट ही संगणकावर करून पाहायची प्रयोगांची सादृश्ये मराठीतून मिळतात. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर आहे, आणि किविक्स नावाच्या सोयीने मराठी विकिपीडिया एकदा फोनमध्ये उतरवून ठेवला की रेंज नसतानाही उघडतो.

पण हे सगळे एकदम सुरू करू नकोस. मी तसे केले होते आणि दोन महिन्यांत मुले पुस्तकांना आणि मी मुलांना कंटाळले. एक पाठ्यपुस्तक, एक गोष्ट, एक हाताने करायचे काम, एवढ्यावर दिवस भरतो.

हाताने करायचे काम कसले, ते सांगते. आमच्या खाडीच्या काठाला नातवाने चिव्याच्या बांबूची काठी रोवली आणि तिच्यावर वीत-वीत अंतरावर लाल सुतळी बांधली. रोज पूर्ण भरतीला पाणी कितव्या सुतळीला लागते आणि किती वाजता, हे तो वहीत लिही. आठवड्याने तो म्हणाला, “आजी, भरती रोज पाऊण तास उशिरा येते.” तेव्हा मी त्याला आपल्या दर्यावर्दींचा हिशेब सांगितला, की तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पाऊणकीचा पाढा त्याने त्या संध्याकाळी स्वतःहून पाठ केला. अपूर्णांक शिकवायला मला त्यानंतर वेगळे बसावे लागले नाही. काठी पुढे उधाणात वाहून गेली, वही मात्र आहे.

रत्नागिरीला गेलात तर सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय मुलांना दाखवा आणि १८२८ पासून चालत आलेले जिल्हा नगर वाचनालयही दाखवा. कशेळी, उक्षी, देवीहसोळ इथली कातळशिल्पे तर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उघडीच आहेत. मुलांना ती मोजू द्या, वहीत काढू द्या.

उत्तर ४ : दापोलीकर

शाळा आणि घर यांच्या मधल्या वाटाही आपल्याकडे आहेत, म्हणून लिहितो. दापोली तालुक्यात चिखलगाव येथे लोकसाधना संस्थेची शाळा १९८० च्या दशकापासून हाताच्या कामाला अभ्यासाइतकेच स्थान देत आली आहे. एकदा जाऊन पाहावी. मूल मोठे झाल्यावर पुणे जिल्ह्यातील पाबळचा विज्ञान आश्रम लक्षात असू द्यावा. डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या या आश्रमात सुतारकाम, वीज, शेती, बांधकाम अशी कामे प्रत्यक्ष करून शिकवतात. आणि कोकणच्या उत्तर टोकाला, बोर्डी-कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळा मुलांच्या दारी नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. मुलाला शाळेकडे ओढण्याऐवजी शाळेने मुलाकडे जावे, हा विचार आपल्याच किनाऱ्यावर इतका जुना आहे.

माझे एक मत मात्र आजींपेक्षा थोडे वेगळे आहे. साहित्य कितीही मिळाले तरी सवंगडी उतरवून घेता येत नाहीत. सहा वर्षांच्या मुलाला भांडायला, रुसायला आणि पुन्हा जुळवून घ्यायला बरोबरीची मुले हवीत. बहिणीसोबत घरी राहून ते पुरेसे होणार नाही, असे मला वाटते.

प्रश्नकर्त्या आईचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. गुरुजी, आपले म्हणणे मनाला लागले आणि ते लागायलाच हवे होते. परवा दोन्ही मुलांना घेऊन गावातल्या शाळेत गेले. दोन शिक्षिका आहेत. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांतील एक बाई अंगणात मुलांकडून गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला लागणाऱ्या रानफळांची नावे फळ्यावर लिहून घेत होत्या. माझा मुलगा न सांगता त्यांच्यात जाऊन बसला. त्याचे नाव आता तिथे दाखल केले आहे.

मुलीचे अजून ठरलेले नाही. पाचवीपूर्वी निर्णय घ्यावा हे गुरुजींचे सांगणे आम्ही दोघांनी कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे, आणि तोपर्यंत तिचा अभ्यास घरी चालू राहील. बाईंनी तिला शनिवारी गोष्ट वाचून दाखवायला बोलावले आहे. जुन्या शाळेतून दाखला आणायला यजमान सोमवारी जात आहेत.

आजी, आमच्या खाडीत काठी रोवली. पहिल्या दिवशी पाणी चौथ्या सुतळीला लागले. पाऊणकी मला दहापर्यंतच येते. पुढची कोणाला पाठ असेल, म्हणण्याच्या जुन्या चालीसकट, तर कृपया इथे लिहावी.