व्हेनिसच्या खिडकीखालचं पाणी: कालवा म्हणावं का?

तळटीप:
मे महिन्यात आम्ही सहा जण चार दिवस व्हेनिसला राहून आलो. आईला गुडघ्यांमुळे येता आलं नाही, म्हणून तिच्यासाठी मोठ्या अक्षरांत प्रवासाची हकीकत लिहितेय. पहिल्याच पानावर अडले. 'आमच्या खिडकीखालून कालवा जात होता' असं लिहिलं, तर सासऱ्यांनी खोडायला लावलं. त्यांची सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली. त्यांच्या मते कालव्याला उतार हवा, दार उघडलं की पाणी एकाच बाजूला गेलं पाहिजे. आणि खिडकीतून आम्ही रोज बघत होतो: सकाळी समोरच्या घराच्या चार शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या, दुपारी एकच. काड्याकचरा कधी पुलाकडे वाहायचा, कधी पुलाकडून. मग याला म्हणायचं काय? आईला समजेल असा शब्द हवाय.

जुनी वही:
कालवाच लिहा. सुएझला कुठे दारं आहेत? १८६९ पासून समुद्राचं पाणी आत-बाहेर करतंय, तरी मराठीत तो कालवाच. शब्द वापराने मोठा होतो, खात्याच्या व्याख्येने नाही.

खाडीकाठ:
सुएझ निदान खणलेला आहे. व्हेनिस म्हणजे मुळात खाजण. शंभराहून जास्त बेटं आणि मधून भरती-ओहोटीच्या वाटा. माणसांनी काठ बांधले, काही वाटा सरळ केल्या, काही खणल्या, पण पाणी समुद्राचंच. खाडीचा फाटा म्हणा, सरळ आहे. शिवाय तिथली माणसं तरी सगळ्यांना कॅनाल कुठे म्हणतात? तो मान ग्रँड कॅनाल, कानारेज्जो, ज्युदेक्का अशा मोजक्यांना. बाकी सगळे 'रिओ', म्हणजे ओहोळ. बुजवून रस्ता केला तर 'रिओ तेरा'.

तळटीप:
रिओ! आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर भिंतीवर काळ्या अक्षरांत तेच लिहिलं होतं. मला वाटलं घरमालकाचं नाव. पण ओहोळ म्हटलं की आईच्या डोळ्यांसमोर गोड्या पाण्याची खळखळ येणार. इथलं पाणी हिरवं, खारट, आणि आवाज फक्त भिंतीवर चापट मारल्यासारखा.

वीथिका:
'जलवीथी' का नको? वीथी म्हणजे गल्लीच. आपल्याकडे नेमका शब्द असताना रिओ आणि कॅनाल कशाला उसने घ्यायचे?

जुनी वही:
कारण वीथी कोणी बोलत नाही. मुलीने आईला लिहिलेल्या हकिकतीत जलवीथी आली की आई आधी मुलीलाच फोन करून अर्थ विचारेल.

वीथिका:
फोन केला तर बिघडलं काय? 'महापौर' हा शब्दही एके काळी कोणी बोलत नव्हतं. आपणच वापरला नाही तर शब्द रुळणार कसा?

गाडीवाट:
मला पहिल्यांदा 'पाणंद' सुचला. दोन्ही बाजूंना उंच कुंपण, मधून अरुंद वाट, आणि शब्दातच पाणी आहे. कॅनाल आणि कालवा तर सरळसरळ एकाच मुळाचे वाटतात.

खाडीकाठ:
पाणंद शेताकडे जाणारी, बैलगाडीची. तिच्यात होडी घालू नका. आणि आवाज जुळला म्हणून नातं जुळत नाही. कॅनाल लॅटिनमधून आला, त्याच्या मुळाशी पोकळ बोरू आहे. गंमत अशी की आपला 'नळ' संस्कृत नलावरून, तोही बोरूच. दोन्हीकडच्या माणसांनी पाणी वाहून नेणाऱ्या वस्तूला नाव देताना तीच वनस्पती हातात धरली. मला हे फार आवडतं.

सुकती:
थोडं विषयांतर, पण व्हेनिसचंच. बुरानो बेटावर जाताना व्हॅपोरेत्तोची, म्हणजे तिथल्या प्रवासी बोटीची, वाट बघत तरंगत्या धक्क्यावर उभे होतो. तो धक्काही हलतो. मावशी कण्हत म्हणाली, "मला बोट लागली गं." पुण्यात वाढलेला माझा भाचा बॅग उचलून म्हणाला, "अजून नाही लागली आजी, ती बघ, येतेय." त्याला हा अर्थच माहीत नव्हता! मी त्याला 'गाडी लागते' आठवून दिलं, तेव्हा कळलं. हा वापर संपत चाललाय का?

जुनी वही:
आमच्या घरी आहे. पण बोटच लागते. होडी लागली असं कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. गोंडोल्याचं काय म्हणायचं?

गाडीवाट:
गोंडोला कोणाला लागेल असं वाटत नाही. आम्ही अर्धा तास बसलो, नुसती सरकते. एकच वल्हं, तेही उजवीकडे, म्हणून ती डावीकडे जास्त रुंद बांधतात, तेव्हा कुठे नाकासमोर चालते.

तळटीप:
माझ्या खिडकीखालच्या पाण्याचं कोणी सांगेल का? दुसरं पान लिहून झालं, पहिल्यावर अजून जागा कोरीच आहे.

खाडीकाठ:
खाडीचा फाटा, सांगितलं की. सुकती, आमच्याकडे मचवा 'लागला' म्हणजे धक्क्यालाच लागला. तुमच्या भाच्याचं अगदीच चुकलं नव्हतं. माणसाला होतं त्याला माझी आजी 'दर्या चढला' म्हणायची.

सुकती:
दर्या चढला! हे कुठल्या बाजूचं?