खंडेनवमीच्या तलवारीची मूठ सैल झाली आहे. लाख पुन्हा भरावी का?

कृष्णाकाठ
घरातली जुनी तलवार दरवर्षी खंडेनवमीला पूजेत असते. पातं वक्र, एका धारेचं. मूठ पोलादी, वर गोल वाटी, बोटांपुढे परज (बोटं झाकणारी कमान). मूठ धरून पातं हलवलं की दोनेक मिलिमीटर हलतं, आतून खुळखुळ वाजतं आणि मुठीच्या तोंडातून तपकिरी भुगा गळतो. रिव्हेट कुठेच दिसत नाही. वाटीवर सोन्याच्या वेलबुट्टीचा थोडा अंश उरला आहे. लोहार वेल्डिंगचे दोन टाके मारतो म्हणतो, तर ओळखीतल्या एकांनी इपॉक्सी सुचवलं. काय करावं?

लोहपातं
दोन्ही करू नका. या घडणीची मूठ आतून पोकळ असते. पात्याची आखूड शेपटी त्या पोकळीत शिरते आणि तिला धरून ठेवते ती फक्त लाख किंवा राळ, त्यात विटेची भुकटी मिसळलेली. गळणारा भुगा म्हणजे तीच लाख, बहुधा गंजासकट. रिव्हेट नाही ती म्हणूनच. लाख तापवली की सुटते, थंड झाली की धरते. पातं काढून पुन्हा बसवता यावं अशीच ही रचना आहे.

वेल्डिंगने पात्याचं पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) मुठीजवळ उतरतं आणि नेमकं तिथेच ते पुढे वाकतं किंवा तुटतं. पोलाद २०० अंशांच्या पुढे गेलं की पिवळसर रंग चढू लागतो, तीच धोक्याची खूण. इपॉक्सीने काम होईल, पण पुढच्या वेळी ते काढायला लाखेपेक्षा बरीच जास्त उष्णता द्यावी लागेल.

आधी मुठीचे चारही बाजूंनी फोटो काढा. पात्याला जाड कापड गुंडाळा. मूठ प्लास्टिकच्या जाड पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि उकळत्या पाण्यात १५-२० मिनिटं धरा. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे पात्याला धोका नाही. जुनी लाख पूर्ण वितळणार नाही, मऊ पडेल, तेवढं पुरतं. मग हातमोजे घालून सरळ रेषेत ओढा. पिळू नका, मुठीच्या पात्यावर उतरणाऱ्या दोन जिभा वाकतात.

राळमेण
वरच्या उत्तराशी सहमत, फक्त एक भर. मूठ टोपलीसारखी, दोन्ही बाजूंनी पट्ट्या आणि त्यांत आरपार रिव्हेट असतील (फिरंगी आणि खांडा या दुसऱ्या प्रकारच्या तलवारींना असतात), तर हा उपाय लागू नाही. तिथे ढिले रिव्हेट बघायचे. तुमची तशी नाही.

काही जण मूठ न उघडताच गरम करून आतली लाख पुन्हा वितळवतात. भुगा गळत असेल तर ते टिकत नाही. लाख कमी झालेली असते आणि शेपटीवर गंज असतो. गंजावर लाख धरत नाही, गंजाच्या पापुद्र्याला धरते.

कृष्णाकाठ
पातं निघालं. शेपटीवर गंजाचे थर आहेत, आत अर्धी पोकळी रिकामी. भरण्याचं प्रमाण काय?

लोहपातं
शेपटीवरचा सुटा गंज पितळी ब्रशने काढा. ॲसिड नको, पात्यावर जौहर (पोलादातली लहरींसारखी नक्षी) असेल तर डाग पडतील. जुनी लाख बांबूच्या काडीने खरवडा, उरलेली पॉलिशवाल्यांच्या स्पिरिटने पुसा. स्पिरिट असताना जवळ आग नको. तेलाचा अंश राहिला तर नवी लाख चिकटणार नाही, हे सर्वात जास्त वेळा बिघडतं.

मिश्रण: चपडा लाख (पातळ पापुद्र्यांची, गाळलेली) २ भाग, पक्क्या विटेची वस्त्रगाळ भुकटी १ भाग. भुकटी तव्यावर भाजून कोरडी करा, ओल राहिली की बुडबुडे येतात. नुसती लाख ठिसूळ असते आणि थंड होताना आकसते, म्हणून भुकटी. किती लागेल ते मोजायला पोकळीत मोहरी भरा, ओतून मोजा आणि त्याच्या पाऊण मापाचं मिश्रण घ्या, कारण शेपटीही जागा घेते. पूड वितळून बसते, तेव्हा दोन-तीन वेळा थोडं थोडं भरा.

मूठ वाटी खाली करून वाळूच्या बादलीत उभी रोवा. बाहेरून हॉट एअर गनने हळूहळू तापवा, गन एका जागी ठेवू नका. लाख खळीसारखी झाली की पुरे. फार वेळ तापवत ठेवली तर ती रबरासारखी होते आणि पुन्हा वितळत नाही. शेपटीही तापवा, इतकी की पाण्याचा थेंब चर्र करून उडेल. थंड शेपटी घातली तर लाख तिच्याभोवती गोठते, चिकटत नाही. शेपटी आत घालण्याआधी थेंब पुसून टाका. आत ओल असली तर वाफेने लाख उडते, चष्मा लावाच.

पातं हळू दाबा, हवा निघू द्या. लगेच टोकाकडून डोळा लावून धार परजेच्या रेषेत आहे का पाहा. वाकडं असेल तर सरळ करायला एखादं मिनिट मिळतं. तोंडाशी बांबूच्या पातळ पाचरी घालून मध्यावर धरा. पाणी मारून थंड करू नका, लाखेला तडे जातात. रात्रभर तसंच ठेवा.

राळमेण
चपडा मिळाला नाही तर राळ ४ भाग, मधमाश्यांचं मेण १ भाग, विटेची भुकटी १ भाग. हे लवकर वितळतं, पण उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलं तर मऊ पडतं. मेण वाढवू नका.

सोन्याच्या कामाला या उष्णतेने काही होत नाही. बहुतेक ती कोफ्तगारी असावी, तासलेल्या पोलादावर ठोकून बसवलेली तार. घासलं तर मात्र निघते, म्हणून वाटीला ब्रश लावू नका. मुठीला पूर्वी कथील-शिशाचा डाख दिलेला असेल तर तो १८३ अंशांपासून सुटू लागतो, तेव्हा गनचं तापमान कमीच ठेवा.

पूजेच्या वेळी तोंडाशी दूध, पाणी, लिंबाचा रस जाऊ देऊ नका. हळदीकुंकू पाण्यात कालवून न लावता कोरडंच वाहा. त्याच दिवशी पुसून मशीनचं पातळ तेल लावा, खोबरेल चिकट होऊन धूळ धरतं. म्यानात बारा महिने ठेवू नका, आतलं कापड आणि चामडं ओल सोडत नाही.

कृष्णाकाठ
चपडा मिळाला. शेपटी आज घासून स्वच्छ केली, दोन दिवस कोरड्या कापडात ठेवून मग भरतो. मोहरीने पोकळी मोजली: पोह्याच्या चमच्याने सहा चमचे, म्हणजे साडेचार चमचे मिश्रण धरतो.