अनुभव धागा: परीक्षेत सारखे आडवे येणारे इंग्रजी शब्द

अफेक्ट की इफेक्ट, अ‍ॅडव्हाइसमध्ये सी की एस, प्रिन्सिपल नेमकं कुठलं? बँकेची परीक्षा असो की नर्सिंगची, या जोड्या कुठेतरी गाठतातच. याद्यांची पुस्तकं बाजारात ढिगानं आहेत, त्यामुळे इथे याद्या नकोत. एखादी जोडी तुमच्या डोक्यात कशी पक्की बसली आणि ती युक्ती ऐन पेपरात टिकली का, तेवढं लिहा.

सुरुवात मी करतो. मी मराठी माध्यमातला. इंग्रजी धड्यावर पेन्सिलीनं देवनागरीत उच्चार लिहून घ्यायची आमच्याकडे पद्धत होती. वाचायला सोय व्हायची, पण पश्चिम, बनियन, कंबर आणि कचरा या चारही शब्दांवर वहीत 'वेस्ट'च लिहिलेलं. प्रिन्सिपलचंही तेच. मग कानावर विसंबणं सोडलं आणि शब्दाची शेपटी बघायला लागलो. 'तत्त्व' या अर्थाचा प्रिन्सिपल एल-ईनं संपतो, 'रूल'सुद्धा एल-ईनंच संपतो. उरला पी-ए-एलवाला. त्यात प्राचार्य आले, कर्जाचं मुद्दल आलं आणि 'मुख्य' हा अर्थही आला.

बँकेची तयारी, सदाशिव पेठ
आयबीपीएस पीओच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे 30 प्रश्न, वेळ 20 मिनिटं, चुकलं की पाव गुण कापला. तिथे अर्थ आठवत बसायला सवड कुणाला? मी आधी गाळलेल्या जागेच्या अलीकडचा शब्द बघतो. 'द' किंवा 'अ‍ॅन' असेल तर नाम हवं, म्हणजे इफेक्ट. 'विल', 'कॅन', 'मे' असेल तर क्रियापद, म्हणजे अफेक्ट. अ‍ॅडव्हाइसलाही हेच लागू: नाम सीवालं, क्रियापद एसवालं. एकच खोडा आहे, 'टू इफेक्ट अ चेंज'. बदल घडवून आणणे या अर्थी इफेक्ट क्रियापद होतं, आणि पेपर काढणाऱ्यांचा त्यावर भारी जीव.

नर्सिंगची विद्यार्थिनी, मिरज
तुमचा पाव गुण जातो, आमच्यापुढे उद्या पेशंट असणार आहे. सगळ्यात वाईट जोडी डिस्फेजिया आणि डिस्फेझिया. पहिल्यात जी आहे: गिळायला त्रास. दुसऱ्यात एस आहे: मेंदूला इजा झाल्यामुळे भाषा वापरायला त्रास. मी जीचा 'गिळणे' आणि एसचा 'संभाषण' केला. गंमत म्हणजे पक्षाघाताच्या एकाच पेशंटला दोन्ही असू शकतात, त्यामुळे नुसती केस वाचून अंदाज बांधता येत नाही, स्पेलिंग बघावंच लागतं. 'इलियम'ही दोन आहेत आणि उच्चारात काडीचा फरक नाही. 'हिप'मध्ये आय आहे, म्हणून आय-एल-आयनं सुरू होणारं ते कमरेचं हाड. आय-एल-ईनं सुरू होणारा लहान आतड्याचा शेवटचा भाग.

जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका
माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. गोंधळ मुलांच्या डोक्यात आधीपासून नसतो, बऱ्याचदा आपणच तो घालतो. फळ्यावर दोन सारखे शब्द शेजारी शेजारी लिहायचे आणि 'यात गोंधळू नका' म्हणायचं, की दुसऱ्या दिवशी वर्ग हमखास गोंधळलेला. म्हणून मी जोडी एकत्र शिकवत नाही. एक शब्द आधी घ्यायचा, वाक्यांत वापरायचा, मुलांच्या तोंडी बसला की मगच दुसऱ्याचं नाव काढायचं.

यातला सगळ्यात कठीण प्रकार मला गणितात भेटला. सेमी इंग्रजीच्या वर्गात कॉम्प्लिमेंटरी अँगल म्हणजे कोटिकोन, दोघांची बेरीज 90 अंश. सप्लिमेंटरी अँगल म्हणजे पूरक कोन, बेरीज 180. इथवर ठीक. पण इंग्रजीच्या तासाला शब्दकोश उघडला की कॉम्प्लिमेंटरीचा अर्थ निघतो 'पूरक'! हुशार मूल नेमकं इथेच अडकतं, कारण त्यानं दोन्ही तासांना लक्ष दिलेलं असतं. मी आता मराठी अर्थाला हातच लावत नाही. कॉम्प्लिमेंटरी, काटकोन, कोटिकोन: सगळे 'क'चे. सप्लिमेंटरी आणि सरळ कोन: दोन्ही 'स'चे. एवढ्यावर मुलं उभी राहतात. स्तुती या अर्थाचा कॉम्प्लिमेंट आयवाला असतो आणि गणितातला ईवाला, 'कम्प्लीट'मधल्या ईसारखा. हे मात्र मी त्याच महिन्यात सांगत नाही.

निवृत्त लघुलेखक, न्यायालय
मॅडमना माझं अनुमोदन. आमच्याकडे तर वेगळीच पंचाईत. पिटमनच्या लघुलिपीत रेघा व्यंजनांच्या, आणि वेगात लिहिताना स्वर गाळले जातात. अफेक्ट आणि इफेक्टमध्ये व्यंजनं तीच, मग रेघाही त्याच. त्यामुळे जिथे शंका यायची तिथे स्वराचा ठिपका दिल्याशिवाय मी पुढे सरकत नसे. परीक्षेलाही हेच सांगेन, वेग थोडा कमी झाला तरी चालेल. प्रॉसिक्यूट म्हणजे खटला चालवणं, पर्सिक्यूट म्हणजे छळणं. साहेबांच्या सहीला जाणाऱ्या कागदात यांची अदलाबदल झाली तर काय होईल याची कल्पना करा. कायद्याच्या परीक्षा देणाऱ्यांनी आणखी एक बघावं: निकाल या अर्थाच्या 'जजमेंट'मध्ये जीनंतर ई घालत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेतही तसंच छापलेलं आहे.

न्यू जर्सीहून
आमच्या घरात प्रॅक्टिसवरून वाद चालतो. मी ब्रिटिश धाटणीचं शिकले, नाम सीचं आणि क्रियापद एसचं. लेकीच्या अमेरिकन शाळेत दोन्हीकडे सी. लायसन्सचं उलट, इथे दोन्हीकडे एस. भारतातल्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी संगणकावरची भाषा अमेरिकन इंग्रजीवर ठेवू नये. बरोबर लिहिलेल्या शब्दाखालीही ते लाल रेघ ओढतं आणि आपण निमूट बदलतो.

पुन्हा सदाशिव पेठ
मॅडम, तुमचं शाळेत चालेल. आम्हाला पेपर जोडीनंच विचारतो हो! एकाच वाक्यात दोन शब्दांची अदलाबदल करून देतात आणि ओळखा म्हणतात. जोड्यांचा सराव केल्याशिवाय गत्यंतर नाही.

जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका
सराव जोडीनंच करा की, मी कुठे नको म्हणते? पण सराव ही नंतरची पायरी. दोन्ही शब्द स्वतंत्रपणे ओळखीचे नसतील तर तो सराव नव्हे, अंदाजपंचे. एक शब्द घ्या आणि त्याची स्वतःची चार वाक्यं लिहा, मग दुसऱ्याकडे वळा. शिकवणीतल्या छापील वाक्यांवर विसंबू नका.

नुसताच वाचक
स्टेशनरी कुणीच घेतली नाही म्हणून टाकतो. ए-आर-वायमधला ए म्हणजे 'अचल', थांबलेलं. ई-आर-वायवाली वह्या-पेनांची, 'एन्व्हलप'च्या ईची.

आणि 'फ्यू' व 'अ फ्यू'? 'अ' असला की थोडे का होईना आहेत, नसला की जवळजवळ नाहीतच.

धागाकर्ता
दादा, आर्टिकलचं दुखणं मोठं आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे अजून 'लाय' आणि 'ले' बाकी आहेत. पडून राहणं या अर्थाच्या 'लाय'चा भूतकाळच 'ले' होतो, यावर कुणाची युक्ती असेल तर ती आधी येऊ द्या.