पहिले विमान हाताने बांधलेलेच असावे

रिमोटवर उडणारी छोटी विमाने उडवण्याच्या छंदात नव्या सभासदांना तयार विमान विकत घ्यायला सांगावे, म्हणजे ते लवकर रमतील, असे काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. जळगावजवळ आमचा गट पऱ्हाटी उपटून मोकळ्या झालेल्या शेतात विमाने उडवतो, आणि तिथला अनुभव असा आहे की ज्याने सनबोर्ड (फोमचा हलका पत्रा) कापून स्वतः पंख चिकटवले, तोच पडलेले विमान दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून पुन्हा घेऊन येतो.

बांधताना गुरुत्वमध्य, म्हणजे विमान जिथे तोलून धरता येते तो बिंदू, सर्वांत आधी शिकवावा. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर दोन्ही बोटांची टोके खालून टेकवून विमान उचलले, की नाक किंचित खाली झुकले पाहिजे. शेपूट खाली गेली, तर बॅटरी पुढे सरकवल्याशिवाय उडवूच नये.

खानदेशच्या उन्हाचा विचारही हवा. मे महिन्यात माझ्या विमानाच्या एलिव्हेटरचा (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या हलत्या फळीचा) हॉर्न, म्हणजे ती फळी हलवणारी तार जिथे जोडतात तो तुकडा, ग्लूगनचा गोंद उन्हाने मऊ पडल्यामुळे हवेतच सुटला आणि विमान सरळ बांधावर आदळले. तेव्हापासून अशा जोडांना मी इपॉक्सीच वापरतो. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी बंद गाडीत कधीही ठेवू नये, आणि उडवायचे नसेल तेव्हा ती प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवावी.

जळगावला विमानतळ असल्याने जागा ठरवण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन नकाशावर ती हिरव्या, म्हणजे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही अशा, क्षेत्रात येते का, हे मात्र अवश्य पाहावे.