मदत हवी आहे: 'सर्वांना एकच प्रवेशपरीक्षा हाच न्याय' – उद्या वादविवाद, मुद्दे सुचवा

अडलेला_वक्ता: उद्या सकाळी बोलायचंय, सात मिनिटं. क्लास परवडणं-न परवडणं या मुद्द्यापुढे गाडी सरकत नाहीये. निबंध नको, मुद्दे द्या. लवकर!

शंकासुर: बाजू कुठली?

रेघोटी: विरोधातच असणार. अमेरिकेतल्या सॅटचं, म्हणजे तिथल्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचं, उदाहरण घे. पूर्वी त्यात शब्दजोड्या असायच्या. 'धावपटू : मॅरेथॉन' तशी दुसरी जोडी कोणती? उत्तर 'वल्हेकरी : रेगाटा', म्हणजे नौकांची शर्यत. जिच्या घरात कुणी अशी शर्यत पाहिलेलीच नाही, तिने हे काय तर्काने काढायचं? २००५ मध्ये शब्दजोड्या काढूनच टाकल्या.

जुना_खोडरबर: या एका प्रश्नावर किती वर्षं जगणार? परीक्षा काढली की उरतात निबंध, शिफारसपत्रं, छंद. तिथे तर पैसा जास्तच चालतो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने कोविडकाळात सॅट आणि तशीच दुसरी परीक्षा एसीटी, यांची सक्ती उठवली आणि २०२२ मध्ये परत आणली. कारण काय दिलं? शाळेत वरच्या पातळीचं गणित शिकवतच नाहीत, अशा ठिकाणची हुशार मुलं गुणांमुळेच नजरेत येतात.

रेघोटी: आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२० मध्ये सॅट बंद करायचं ठरवलं, ते नाही सांगणार!

जुना_खोडरबर: त्यांच्याच प्राध्यापकांची समिती 'इतक्यात काढू नका' म्हणत होती, ते तुम्ही तरी कुठे सांगितलंत?

टिकटिक: आधी सोपे प्रश्न सोडवा. आणि गोल शेवटी एकदम रंगवू म्हणून ठेवू नका. माझे अकरा कोरे राहिले होते, उत्तरं प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलीने खुणा करून तयार!

शंकासुर: अहो, त्याला परीक्षा द्यायची नाहीये, भांडायचंय.

टिकटिक: असू दे, कुणाला तरी उपयोग होईल. निगेटिव्ह मार्किंगवर वेगळा धागा काढू का?

अडलेला_वक्ता: सांगायचं राहिलं, मी विषयाच्या बाजूने आहे. खोडरबर काका, एमआयटी ढापतोय.

रेघोटी: हे आधी सांगायला काय झालं होतं? आणि ढाप खुशाल, पण विषयातला 'हाच' वाचलास का? एमआयटी नुसत्या गुणांवर प्रवेश देत नाही. मूल कुठल्या परिस्थितीतून आलंय, तेही बघते. म्हणजे तुझं उदाहरण माझ्या बाजूचं झालं.

जुना_खोडरबर: शब्दात पकडू नका हो पोराला.

अडलेला_वक्ता: 'हाच' न उच्चारता सात मिनिटं काढता येतील का?

शंकासुर: परीक्षक कोण आहेत?