तोंडात दोनच बोटं जातात, अशाला खर्रा सोडवायला निकोटीनची गोळी चालते का?

हिंगणा_दुसरी_पाळी
एमआयडीसीतल्या एका युनिटमध्ये ४० कामगारांची तोंडतपासणी ठेवली आहे. दंतवैद्य दोनच तास मिळणार, त्यामुळे आधीची चाळणी आम्हालाच लावायची आहे. बहुतेक जण खर्रावाले (तंबाखू, सुपारी, चुना घोटून केलेला), दिवसाला चार-पाच पुड्या. काहींनी तंबाखू बंद करून नुसती सुपारी-चुना घोटून घेणं सुरू केलंय आणि त्यालाच ते ‘सोडलं’ म्हणतात. कोणाला आधी डॉक्टरांपुढे बसवायचं हे कशावरून ठरवावं? आणि ज्यांचं तोंड आखडलंय त्यांना निकोटीनची चावायची गोळी (गम) देता येते का?

दाढ_क्रमांक_आठ
सुपारीवाल्यांपासूनच सुरुवात करा. तोंड आखडवते ती मुख्यतः सुपारी. तिच्यातलं अरेकोलीन गालाच्या आतल्या थरात तंतू जास्त बनवतं, आणि सुपारीतलं तांबं त्या तंतूंना एकमेकांत घट्ट बांधणाऱ्या विकराला जोर देतं. चुन्याने अल्कता वाढली की अरेकोलीन आणि निकोटीन दोन्ही भराभर शोषले जातात. म्हणजे नुसती सुपारी-चुना खाणाऱ्याने कर्करोगाचा एक वाटेकरी कमी केला, पण तोंड बांधणारा तिथेच आहे. तंबाखूविरहित सुपारीलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत, टाकलेलं आहे.

मोजायचं असं: पूर्ण तोंड उघडायला लावून वरच्या मधल्या दाताच्या धारेपासून खालच्या दाताच्या धारेपर्यंत अंतर घ्या. ३५ मिमीच्या वर ठीक, २५ ते ३५ म्हणजे सुरुवात झाली, त्याखाली म्हणजे वाढलेलं, १५ च्या खाली म्हणजे बहुधा शस्त्रक्रियेचाच विचार. पट्टी नसेल तर त्याची स्वतःचीच तीन बोटं उभी आत जातात का बघा. बोटं त्याचीच हवीत, तुमची नकोत. जबडा आणि बोटं एकाच मापाची असतात.

मग हातमोजा घालून तर्जनी गालाच्या आत, अंगठा बाहेर, आणि गाल हलकेच चाळवा. ताणलेल्या सुतळीसारखे उभे पट्टे लागले की सुपारीने तोंड आखडण्याचा हाच आजार नक्की समजा. अक्कलदाढ सुजूनही तोंड बंद होतं, पण ते दोन-चार दिवसांत होतं, ठणकतं, आणि गालात सुतळी लागत नाही.

विचारायचा प्रश्न एकच: तर्री झोंबते का? पोह्यांवरची तर्री वर्षभरापासून सोडलेला माणूस ‘ॲसिडिटी आहे’ म्हणेल. त्याला पहिल्या रांगेत बसवा. पट्टे लागण्याच्या आधी जळजळ येते. शिट्टी वाजवता न येणं, जीभ ओठाच्या फार पुढे न येणं, ही पुढची पायरी.

खालचा_ओठ
वरच्यात भर घालतो, कारण पट्ट्यांच्या नादात पांढरे डाग सुटतात. पुडी कुठल्या बाजूला ठेवतो ते विचारा आणि ओठ-गाल ओढून नेमकी तीच खाच बघा. तिथे कातडं सुरकुतलेलं, पांढुरकं दिसेल. तंबाखू-चुना बंद केला तर ते साधारण दोन ते सहा आठवड्यांत निवळतं. न निवळणारा, पुसून न जाणारा डाग असेल तर तुकडा काढून तपासावाच लागतो. मखमली लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा, आणि तो दुखत नाही म्हणून कोणी सांगत नाही. पंधरा दिवसांत न भरलेली जखम, अचानक हलू लागलेला दात, गळ्यात टणक गाठ: यांना शिबिराची वाट न बघता नागपूरच्या ‘मेडिकल’ (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) जवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवा.

त्याच खाचेत हिरडी खाली सरकलेली आणि मूळ उघडं पडलेलं सापडेल. ‘रक्त येत नाही म्हणजे हिरडी चांगली’ हे इथे लागू नाही. निकोटीन रक्तवाहिन्या आखडवतं, त्यामुळे आतलं हाड झिजत असतानाही ब्रशला लाल रंग दिसत नाही.

औषधांच्या_काउंटरवरून
निकोटीन गोळीचं उत्तर: तोंड ३५ मिमी उघडत असेल तर द्या. दोन बोटांवर आलेल्याला चघळायला लावणं हा त्रासच. त्याला कातडीला चिकटवायचा निकोटीन पॅच बरा.

गोळी देणार असाल तर वापर नीट समजवा, चुका इथेच होतात. च्युइंगगमसारखी चावत राहिलं की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी-मळमळ होते आणि माणूस पुन्हा पानठेल्यावर. हळू चावायची, तोंडात मिरमिरलं की थांबून गाल-हिरडीमध्ये ठेवायची, मिरमिर गेली की पुन्हा चावायची, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं कॉफी, कोल्ड्रिंक, संत्र्याचा रस नको. आंबटाने शोषण पडतं. पहिले सहा आठवडे एक-दोन तासांनी एक, मग अंतर वाढवत बाराव्या आठवड्यापर्यंत बंद. २ मिग्रॅ चिठ्ठीविना मिळते, ४ मिग्रॅला चिठ्ठी.

पॅच कोरड्या, कमी केसांच्या जागी, रोज जागा बदलून. नागपूरच्या मे महिन्यात घामाने तो सुटतोच, पण भट्टीजवळ काम करणाऱ्याला उलटं सांगा: उष्णतेने निकोटीन जास्त शोषलं जातं. मळमळ, धडधड झाली तर काढून ठेवा आणि डॉक्टरांना विचारा.

आणि ‘सकाळी खर्रा नाही तर पोट साफ होत नाही’ हे नाटक नाही, निकोटीन आतडी हलवतं. पहिले काही दिवस कोमट पाणी आणि रात्री इसबगोल आधीच हातात द्या, नाहीतर चौथ्या दिवशी तेवढ्यासाठी पुडी फुटते. सोडण्यासाठी मोफत सल्ला हवा तर १८००-११-२३५६.

हिंगणा_दुसरी_पाळी
हे कामाचं. ते पांढऱ्या थैल्यांचे निकोटीन पाऊच काही पोरं ऑनलाइन मागवतात, ते?

खालचा_ओठ
सुपारी नाही, त्यामुळे आखडण्याचा तो रस्ता नाही. पण हिरडीला तीच जागा, तेच निकोटीन, आणि सवय तशीच. उपचार म्हणून देऊ नका.

दाढ_क्रमांक_आठ
आखडलेल्यांना आजपासूनच व्यायाम द्या. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये आळीपाळीने धरायच्या, दिवसातून पाच वेळा, काही मिनिटं. सहज बसू लागलं की एक काडी वाढवायची. ओढून रक्त काढायचं नाही. पट्टे पूर्ण जात नाहीत, पण सुपारी बंद असेल तर काही मिमी मिळतात. सुपारी चालूच ठेवली तर गालातली इंजेक्शनंही फुकट.

दुसरं, नोंदीत मिमीचा आकडा ठळक लिहा. उद्या त्याचं हर्नियाचं जरी ऑपरेशन निघालं तरी भूल देणाऱ्याला तो आधी कळायला हवा. तोंड उघडत नसेल तर श्वासनळीत नळी घालणं अवघड जातं.

हिंगणा_दुसरी_पाळी
पट्टी चाळीस जणांच्या तोंडात एकच कशी फिरवणार?

दाढ_क्रमांक_आठ
नका फिरवू. जाड कागदाच्या चाळीस पट्ट्या कापा, मिमीच्या खुणा छापून घ्या, माप झालं की तिच्यावरच नाव लिहून फाइलला टाचा. हातमोजेही प्रत्येकाला नवे.