मदत हवी आहे: पाणी नाही म्हणून घरपट्टी भरायची नाही, असं सगळ्यांनी मिळून करता येतं का?

नमस्कार मंडळी, आमच्या भागात घरपट्टी वेळेवर येते पण महापालिकेचं पाणी अजून आलेलं नाही, वर्षभर टँकर आणि त्याचे पैसे आपल्याच खिशातून. म्हणून आजूबाजूच्या सोसायट्यांनी ठरवलंय की यंदा घरपट्टी भरायचीच नाही, बॅनर पण लागलेत. हा राग मला पूर्ण पटतो. 1928 ला गुजरातेत बारडोलीच्या शेतकऱ्यांनी वल्लभभाई पटेलांच्या मागे उभं राहून शेतसारा भरला नाही, जमिनी जप्त झाल्या तरी हटले नाहीत आणि शेवटी 22 टक्क्यांची वाढ 6 च्या आसपास आली. पण तिथे अख्खा तालुका एक होता, इथे निम्मे फ्लॅट भाड्याने आणि मालक बाहेरगावी. त्यात थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती, पुढे जप्तीची नोटीस. पेन्शनवर जगणारे बरेच आहेत हो आमच्याकडे, त्यांच्या दाराला नोटीस चिकटली तर कोण सांभाळणार, ह्याचं उत्तर मीटिंगमध्ये कुणीच देत नाही आणि तेच मला खटकतंय.

कुणी असं सामूहिक केलंय का? अंडर प्रोटेस्ट, म्हणजे हरकत नोंदवून भरतोय, असं लेखी देऊन पैसे भरले तर पुढे कोर्टात उपयोग होतो का? की बिलातला फक्त पाण्याचा कर रोखून बाकीचा भरता येतो, अर्धवट रक्कम घेतात का ते? वकील किंवा कर विभागात काम केलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा, मार्चएंडच्या आत ठरवायचंय.